होडीवाल्या पोराची आई

आमच्या मालकांना हिंदी येत न्हाई. कवाच येत नव्हती. ही गोष्ट अख्ख्या वडगाव रासाईत फक्त मला ठावं व्हती, आन् मी ती पोटात ठिवली.

झालं काय, लग्नाआधी आमचे हे, हौसराव, दौंडला रेल्वेच्या कँटीनात भांडी घासायला व्हते. गावाला वाटलं, गडी रेल्वेत राहून आलाय, हिंदी फाडफाड बोलत असंल. तिथला मुकादम शेजारच्या वरवंडचा, मराठीच बोलणारा, आन् खरकट्या भांड्यांना कुठली आलीय भाषा! पण ह्यांनी न्हाई म्हणलं न्हाई. फुकटचा मान कोण सोडतंय?

मग आमच्या घरी टीव्ही आला, गावातला पयला. रविवारी सकाळी एक कार्टून लागायचं. एक पोरगं होडी घेऊन समुद्रात हिंडतंय, वादळं काय, मासे काय, चोर काय! गाव त्याला होडीवालं पोरगं म्हणायचं. सगळं हिंदीत, आमच्या पोरांना ओ की ठो कळंना. तवा हे टीव्हीशेजारी मांडी घालून बसायचे आन् मराठीत सांगायचे. दाढीवाला खलाशी दिसला की, "ह्यो त्याचा मामा." वादळ आलं की, "आता पोरगं नवस बोलतंय." मी कपाळाला हात लावायची. गडी खुशाल थापा मारतोय, आन् पोरं तोंडाचा आ करून ऐकत्यात!

औंदा यात्रेला अझरुद्दीननं घोळ घातला. हा आमच्या शेजारच्या इनुसभाईंचा थोरला, लहानपणी दर रविवारी आमच्यात असायचा, आता सणसवाडीला कंपनीत सुपरवायझर हाय. त्याला मोबाइलवर ते जुनं कार्टून घावलं. "मामी, शेवटचा भाग पडद्यावर दाखवू," म्हणाला, "आन् मामांचा सत्कार करू. शाल, फेटा, सगळं."

"कशाला रं बाबा? त्यापरीस तमाशा आना की," मी म्हणलं. पण ऐकंल तर शपथ.

ह्यांचं जेवण तुटलं. तवा गावात हिंदी कुणाला येत नव्हती. आता सणसवाडीला बिहारी पोरांसंगं काम करून शेंबडं पोर बी हिंदी बोलतंय. पडदा लागला की ह्यांची अब्रू वेशीवर.

"मी आजारी पडतो," हे म्हणाले.

"पडा. म्हंजी सत्कार घरी येऊन करतील."

राग बी आला व्हता मला आन् कीव बी. दुसरं काय हाय ह्या माणसाजवळ? गावात चार माणसं आबा म्हणून उठून उभी राहत्यात, तेवढंच.

यात्रेदिवशी दिवेलागणीला देवळाम्होरं पडदा लागला. हे पयल्या खुर्चीत, मी मागं बायकांत. कार्टून सुरू झालं, शेजारच्या पोरी मला हिंदीचा अर्थ सांगत व्हत्या. मामा कसला, दाढीवाला अट्टल चोर निघाला. पोरगं बुडालेला मुकुट हुडकत व्हतं. शेवटी एका बेटावर खानावळ लागली, तिथल्या बाईनं पोराला ताट वाढलं, पोरगं जेवलं, होडीत बसून निघून गेलं. संपलं. ह्यांच्या गोष्टीतलं औषधाला बी न्हाई! आता सगळं गाव हसणार म्हणून मी पदर तोंडाला लावला.

कुणीच हसलं न्हाई. टाळ्या पडल्या. सरपंच ज्ञानदेव म्हणाला, "अगदी असंच व्हतं बगा!" माझ्या शेजारची अनसाबाई बी मान डोलवत व्हती. अझरुद्दीन तर माइकवरच बोलला, "मामांनी सांगितलेलं शब्दाला शब्द निघालं!"

ह्यांची गोष्ट कुणाच्याच ध्यानात ऱ्हायली नव्हती. सुटलो बाई! माझ्या जिवात जीव आला. पण ह्यांच्याकडं बघितलं तर तोंड एवढंसं झालेलं. अझरुद्दीन शाल घालायला वाकला, तसा ह्यांनी त्याचा हात धरला आन् माइक काढून घेतला.

"न्हाई. असं नव्हतं," हे म्हणाले. "मला हिंदी येत न्हाई. कवाच येत नव्हती."

लोक खदाखदा हसले. "आबा चेष्टा करत्यात," ज्ञानदेव म्हणाला.

"चेष्टा न्हाई! ती खानावळवाली त्याची आई व्हती. मुकुट-बिकुट काय न्हाई, पोरगं आईला हुडकायला निगालं व्हतं. मी सांगितलं व्हतं. तुम्ही ऐकलं व्हतं की रं!"

पलीकडं आमटी-भाकरीची पंगत बसत व्हती. माणसं ढुंगण झटकत उठली. असा संताप आला मला! आठवडाभर ह्यांच्या अब्रूला जपत बसले, आन् ह्यांनी ती आपल्या हातानं उधळली, तरी मेल्यांना उचलून बघायची सवड न्हाई. आन् तवा माझ्या ध्यानात आलं. अझरुद्दीनची आई, चांदबी, ते कार्टून लागायचं त्याच उन्हाळ्यात वारली व्हती. ते पोर सगळ्यांच्या फुडं, टीव्हीला नाक लावून बसायचं. हे सांगत व्हते ते त्याला.

अझरुद्दीन शाल हातात धरून तसाच उभा व्हता. चाळिशी उलटलेला बाप्या, पण लहान पोरावाणी ह्यांच्या म्होरं येऊन बसला.

"मामा," तो म्हणाला, "मग तिनं वळखलं का त्याला?"

हे खुर्चीत बसले. माइक बाजूला ठिवला.

"लगीच न्हाई. भुकेलं पोर दिसलं म्हणून आदी ताट वाढलं. जेवताना बघत बसली त्याच्याकडं. आन् मग म्हणली, किती वाळलास रं माझ्या राजा."