चाळीस मीटरवरचं बाक

स्क्रीनला कोणी बोट लावलेलं थ्रीडी बाईंना खपत नसे. हे ठाऊक असूनही सरांनी आपलं बोट स्क्रीनवर टेकवलं आणि तिथेच दाबून धरलं.

"हे काय लिहिलंय?"

"लिहिलंय तेच. दोन रचनाकार आढळले. पुढचा आराखडा कोणाच्या पद्धतीने करायचा, असं विचारतंय."

"दोन कुठून आले? इथे रचनाकार एकच आहे."

थ्रीडी बाईंनी रुमालाने बोटाचा डाग पुसला. सरांच्या बागा आणि उद्यानं संगणकावर उभी करण्याचं काम त्यांच्याकडे होतं, त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. नदीकाठच्या मोठ्या उद्यानाची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. त्यासाठी ऑफिसने नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. तुमची जुनी ड्रॉइंग त्याला दाखवायची, ते त्यातून तुमची पद्धत शिकतं आणि नव्या जागेचा कच्चा आराखडा त्याच पद्धतीने मांडून देतं, असं ते होतं. सरांच्या एक्केचाळीस बागा त्याला दाखवून झाल्या होत्या.

"पहिल्या तेवीस बागा एकाच्या आणि नंतरच्या अठरा दुसऱ्याच्या, असं म्हणतंय," बाई म्हणाल्या. "शाळेच्या बागेपासून हात बदलतो."

"हात बदलतो म्हणजे काय?"

"पहिल्याच्या वाटा लांब आणि सरळ आहेत. पायऱ्या भरपूर, बाकं मोजकी. दुसऱ्याच्या वाटा वळतात, पायऱ्यांच्या जागी उतार येतो, आणि दर चाळीस मीटरवर एक बाक. कुठेही चुकत नाही. शिवाय प्रत्येक बाकासमोर बघायला काहीतरी असतंच. फुलणारं झाड, पाण्याचं कुंड, नाहीतर निदान एखादा मोठा दगड."

सरांचं नाव झालं होतं ते रिकाम्या जागेवर. 'रिकामी जागा' या विषयावर ते गावोगाव भाषणं देत आणि 'रिकामी' या शब्दानंतर इतका वेळ थांबत की माईकवाला उठून वायर तपासायला यायचा. आणि आता एक यंत्र सांगत होतं की गेली बारा वर्षं हा माणूस चाळीस-चाळीस मीटरवर बाकं मांडत सुटलाय.

"त्याच सुमाराला आपण कागद सोडून संगणकावर आलो. त्यामुळे असेल," बाई म्हणाल्या.

"संगणक स्वतःहून बाकं मांडतो का?"

"नाहीतर मग मॅडमना दम लागतो, म्हणून तुम्हीच नकळत..."

"तिचं दुखणं निघालं आठ वर्षांपूर्वी. शाळेची बाग बारा वर्षांपूर्वीची. तेव्हा ती माझ्या पुढे चालायची." सरांनी खुर्ची मागे सारली. "या फाइली शेवटच्या कोणी जतन केल्यात, ते बघा."

बाईंनी बघितलं. अठराच्या अठरा फाइलींवर मामांचं नाव होतं.

मामा म्हणजे सरांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. सरांची मुलं त्याला मामा म्हणत, म्हणून ऑफिस म्हणू लागलं, मग ठेकेदार म्हणू लागले, आणि आता कुरियरवालाही दारातून "मामा, सही" असं ओरडत असे. सर रचना करायचे. मामा त्यावरून बांधकामाची ड्रॉइंग काढायचा आणि साइटवर उभं राहून ती करून घ्यायचा. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. प्रत्येक फाइल मामाच्या हातूनच बाहेर जायची, तेव्हा तिच्यावर त्याचं नाव असण्यात नवल काहीच नव्हतं. पण सरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मग सगळंच आठवायला लागलं. हे सॉफ्टवेअर घ्या म्हणून मागे कोण लागलं होतं? मामा. मागच्या वर्षी बक्षीस देताना कोणीतरी बाकांचं कौतुक केलं, तेव्हा सरांच्या आधी मान कोणी डोलावली होती? मामाने. बाकं कमी करा म्हणून ठेकेदार कुरकुरायचे, तेव्हा त्यांच्याशी हमरीतुमरीवर कोण यायचं? स्वतःच्या लग्नातसुद्धा आवाज न चढवलेला मामा. इतकी वर्षं आपलं नाव लावून हा स्वतःच्या बागा बांधत होता तर. मामानेच आपल्याला मामा बनवलं, असं सरांच्या मनात आलं आणि त्यांना अजिबात हसू आलं नाही.

दुपारी मामा साइटवरून आला. बुटांना चिखल होता, म्हणून त्याने ते दारातच काढले आणि मोज्यांवर आत आला. सर त्याच्याच टेबलाशी उभे होते.

"शाळेच्या बागेपासून," सर म्हणाले. "बारा वर्षं. माझ्या रेषांवर हात फिरवतोयस."

"काय झालं, भाऊजी?"

सरांनी सांगितलं. तेवीस, अठरा, उतार, वळणं. मामा आधी हसत होता. यंत्राचं काय घेऊन बसलात, असंही म्हणाला. पण चाळीस मीटरवर बाक आणि समोर बघायला काहीतरी, हे ऐकलं आणि त्याचं हसू गेलं. त्याने एकदा वर छताकडे पाहिलं. ऑफिसच्या वरच्या मजल्यावरच सरांचं घर होतं. मग तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

"आराखड्यात मी काही बदललेलं नाही," तो म्हणाला. "एवढंच सांगतो."

"मग कोणी बदललं?"

मामाने टेबलावरची पट्टी उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

"तुला माहीत आहे. तोंडावरून दिसतंय तुझ्या."

"माहीत असेलही. पण ते मला सांगता येणार नाही."

थ्रीडी बाई उठून पाणी प्यायला गेल्या आणि बराच वेळ पाणी पीत राहिल्या. सरांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. सर असे बोलू लागले की ऑफिसातले लोक आपापल्या कामात मान घालत.

"नदीकाठचं काम माझ्या एकट्याच्या नावाने जाईल. आणि उद्यापासून तू नाही आलास तरी चालेल."

"बरं," मामा म्हणाला. दारात बसून त्याने चिखलाचे बूट पुन्हा चढवले. नाडीची गाठ बसेना, म्हणून तशीच आत खोचली आणि जिना उतरून गेला.

संध्याकाळी सरांनी कपाटातून मोजायचं चाक काढलं. लांब दांड्याचं ते चाक जमिनीवरून ढकलत नेलं की किती अंतर झालं त्याचा आकडा दाखवतं. तलावाकाठची बाग घरापासून जवळ होती आणि दुसऱ्या अठरांतली होती. ती मोजायची, हातात पुरावा घ्यायचा, म्हणजे दुपारपासून छातीत जे काही टोचत होतं ते थांबेल, असं त्यांना वाटत होतं.

"मीही येते," बायको म्हणाली. तिने औषधाचा पंप पर्समध्ये टाकला. "चाक कशाला घेतलंस?"

"काम आहे."

बागेच्या फाटकापासून सरांनी चाक सोडलं. पहिल्या बाकाशी आकडा आला अडतीस. त्यांनी चाक शून्यावर आणलं आणि पुन्हा ढकललं. पुन्हा अडतीस. तिसऱ्यालाही तेच. ड्रॉइंगवर चाळीस आणि जमिनीवर अडतीस! म्हणजे ड्रॉइंगवर हात मारून याचं भागलं नव्हतं, साइटवरही तेच. सरांना चोर सापडल्याचा आनंद झाला आणि त्या आनंदाची लगोलग लाजही वाटली. पण चाक त्यांनी सोडलं नाही.

"थांब," बायको मागून म्हणाली. "ते बघ, त्या फांदीवर किती पाखरं बसलीत."

सर वळले. ती चौथ्या बाकाच्या पाठीला हात लावून उभी होती. समोर एक उंच झाड होतं. फांदीवर पाखरू सोडाच, पान हलत नव्हतं.

"कुठे आहेत पाखरं?"

"होती. उडाली."

सर तिच्याकडे बघत राहिले. तिचे खांदे किंचित वरखाली होत होते. हे त्यांनी किती वेळा पाहिलं होतं! लग्नानंतरची पहिली कितीतरी वर्षं ती अशी कधी थांबत नसे. मग कधीतरी तिला वाटेतल्या गोष्टींचा फार लळा लागला. थांब, ते फूल बघ. थांब, तो ढग बघ. थांब, त्या घराची खिडकी काय सुरेख आहे. आपल्या संगतीने हिची नजर तयार झाली, असं सर लोकांना कौतुकाने सांगत असत.

ते चाक घेऊन मागे आले आणि बाकावर बसले. तीही बसली.

"डॉक्टरांकडे गेलो आपण आठ वर्षांपूर्वी," ते म्हणाले. "त्याच्या आधी किती दिवस तुला दम लागत होता?"

"आता कशाला ते?"

"सांग."

तिने पर्सचा बंद उघडला, मिटला. "चार वर्षं. थोडं जास्तच. तुझं शाळेच्या बागेचं काम चालू होतं तेव्हा."

"चार वर्षं? आणि मला बोलली नाहीस?"

"माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. डॉक्टरने नाव घेतलं की ते खरं होणार, असं वाटायचं. वेडेपणाच, दुसरं काय? तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी उचलून नेलं असतंस."

"कोणालाच माहीत नव्हतं?"

"त्याला होतं, माझ्या भावाला. एकदा त्याच्या समोरच धाप लागली. तुला सांगायचं नाही म्हणून शपथच घातली मी. बिचारा अजून पाळतोय." ती थोडी हसली. "तुझ्याबरोबर चालताना मी काहीतरी दाखवायचे आणि थांबायचे. मला वाटायचं, तुला कळत नाहीये."

सरांनी पुढच्या बाकाकडे पाहिलं, मग त्याच्या पुढच्याकडे. रोज संध्याकाळी तिच्याबरोबर चालायचं, ती थांबेल तिथे थांबायचं, आणि सकाळी ऑफिसात येऊन वाट काढायला बसायचं. बाकांचा विचार आपण कधी केला होता, हे त्यांना काही केल्या आठवेना. त्यांच्या लेखी बाक ही शेवटी हाताला येईल तिथे टाकायची वस्तू होती.

"मलाही तसंच वाटत होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी दुपारची सगळी हकिगत सांगितली. काही वगळलं नाही, 'नाही आलास तरी चालेल' हेसुद्धा नाही. ती ऐकत असताना एकदाही त्यांच्याकडे बघत नव्हती, आणि सरांना ते सोसवेना.

"तरीच आज त्याचा फोन आला नाही," ती उठत म्हणाली. "चल."

"तू घरी जा. मी जाऊन येतो."

"तुला एकट्याला पाठवलं तर तू भाषण देऊन येशील."

मामाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि त्या इमारतीला सरांच्या इमारतीसारखी लिफ्ट नव्हती. ती बरीच वर्षं वर गेली नव्हती. आज मात्र जिन्याच्या कठड्याला हात लावून तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. सर "अगं, अगं" करत मागे धावले. तेवढ्यात वरून कुठूनतरी खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"भाऊजी, तिला वर आणू नका! मी येतो खाली."

मामा खाली आला तो हातात घडीची खुर्ची घेऊन. ती उघडून त्याने जिन्याजवळ बहिणीसाठी ठेवली, ती नीट बसली की नाही ते पाहिलं आणि मग बाजूला उभा राहिला. सरांकडे त्याने बघितलं नाही. सर खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. हातात ते चाक होतंच, ते कुठे ठेवावं हे त्यांना सुचेना.

"सांगितलं मी त्याला," ती भावाला म्हणाली. "सुटलास शपथेतून."

मामाने मान हलवली.

"माझं चुकलं," सर म्हणाले. हे वाक्य त्यांनी इतकं कमी वेळा वापरलं होतं की ते एखाद्या परक्याने म्हटल्यासारखं ऐकू आलं. "बाकं माझीच होती. मला माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं. तुम्ही काढताना मी बघायचो ना."

वरच्या मजल्यावरून कोणीतरी जिना उतरत आलं, तिघांना वळसा घालून निघून गेलं. मामाने त्या चाकाकडे पाहिलं.

"तलावाची बाग मोजलीत?"

"हो."

"किती भरलं?"

"अडतीस." सर अडखळले. "ड्रॉइंगवर चाळीस आहे."

मामाने बुटाच्या टोकाने जमिनीवरचा खडा सरकवला. त्याच्या बुटाची नाडी अजून आतच खोचलेली होती.

"शेवटचे दोन मीटर तिला जड जायचे," तो म्हणाला. "मी साइटवर मोजून बघितलं होतं. तुम्हाला विचारलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून दर दोन बाकांमधलं अंतर दोन मीटरने कमी केलं. सगळ्या बागांत. तेवढाच हात फिरवलाय, भाऊजी."

सरांनी हातातलं चाक भिंतीला टेकवून ठेवलं. बायको हसायला लागली. हसता हसता तिला धाप लागली, तिने एक हात भावाच्या मनगटावर ठेवला आणि श्वास जमेपर्यंत दोघांनाही थांबवलं.

"आणि मी त्या डॉक्टरांना दर वेळी सांगायचे," ती म्हणाली, "की आता एका बाकापासून दुसऱ्यापर्यंत मी न दमता जाते, माझं चालणं पहिल्यापेक्षा सुधारलंय."