तुळजाबाईंची दुपारची झोप

"मावशी, चिप्स गार होऊ लागल्यात," बबिता हळूच म्हणाली. पण तुळजाबाईंना झोप लागली होती.

डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, डोक्यावरचा पदर खांद्यावर उतरलेला. समोर बटाट्याच्या लांबट चिप्सची ताटली जवळजवळ तशीच होती आणि पायाशी रिकामी पाटी. बाहेर आष्टीचा बाजार उन्हानं पांढरा पडला होता. आत मात्र काचांना लावलेल्या निळ्या कागदामुळे सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं. तापलेली माणसं दार ढकलून आत आली की आपोआप हळू बोलू लागत. एसी एका सुरात घुमत राही, आणि टेबल पुसता पुसता बबितालाही आपण कुठं आहोत याचा क्षणभर विसर पडे.

मालक रामेश्वरनं हॉटेलला मुलीचं नाव दिलं होतं, 'संस्कृती फास्ट फूड'. सकाळी वडापावला आणि संध्याकाळी नूडल्स-मंच्युरियनला गर्दी असायची. दुपार रिकामी जायची. अशाच एका दुपारी तुळजाबाई पहिल्यांदा दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. शेवग्याच्या शेंगा विकून झाल्या होत्या आणि गावाकडच्या गाडीला अवकाश होता.

"बाई, हितं बसलं तर चालंल का? कायतरी खाते की."

"बसा की मावशी. काय देऊ?"

"तिखट नसलेलं काय हाय?"

बबितानं चिप्स आणून दिल्या. तुळजाबाईंनी एक काडी उचलून निरखली, खाल्ली आणि हसल्या. "बटाटंच की गं हे." आणखी दोनचार खाईपर्यंत त्यांची मान कलली होती. गाडीच्या वेळेला बबितानं हलवून उठवलं, तेव्हा त्या गडबडून म्हणाल्या, "उठले, उठले, भाकरी टाकतेच." मग भोवती पाहिलं आणि लाजल्या.

तेव्हापासून दर बाजाराला त्या येऊ लागल्या. बबिता खिडकीजवळचं टेबल त्यांच्यासाठी धरून ठेवायची. स्पीकरवरच्या गाण्याचा आवाज कमी करायची.

"हितं टेकलं की झोप येती बघ," एकदा त्या म्हणाल्या. "घरी आडवी झाले तर नुसती पत्र्याकडं बघत ऱ्हाते."

"कावून?"

"काय की. कुणीतरी हाक मारंल असं वाटत ऱ्हातंय." मग थोडं पुढं वाकून, गुपित सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "अन् हितं सपान बी पडतंय."

"काय पडतंय?"

"माझं माहेर पालीचं. बीडाजवळ, धरणाच्या काठाला. ल्हानपणी परकराचा काचा मारून मी पवायचे. पोरांच्या बी पुढं जायचे. मग हिकडं दिली, अन् पवणं सपलं. वरीसभर पावसाची वाट बघायची, न्हाईतर कोयता घेऊन कारखान्याला जायचं. मला पवता येतंय हे सासरी कुणाला ठावं बी न्हाई."

"अन् सपनात?"

"सपनात पवते. लई गार पाणी असतंय. अन् काठाला कुणीच नसतंय बघ, हाक मारायला."

त्या दिवशी त्या झोपल्यावर बबिता बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभी राहिली होती. सुरकुतलेला चेहरा सैल पडला होता, आणि श्वास लांब, संथ चालला होता. आता त्या पाण्यात असतील, असं तिला वाटलं.

मग एका बाजाराच्या दिवशी प्रवासात थांबलेलं एक कुटुंब आत आलं. त्यांना खिडकीजवळच बसायचं होतं. बबितानं त्यांना पलीकडचं टेबल दिलं. त्यांनी बर्गर खाल्ले, थंडा प्यायले आणि निघून गेले. संध्याकाळी रामेश्वरनं तिला काउंटरजवळ बोलावून मोबाइल दाखवला. हॉटेलच्या नावाखाली एकच तारा होता आणि फोटो तुळजाबाईंचा होता. उघडं तोंड, ढळलेला पदर. खाली लिहिलं होतं, 'हे हॉटेल आहे की धर्मशाळा?'

"मला काय त्या बाईचं वाईट करायचं न्हाई," रामेश्वर म्हणाला. "पण लोकं हे बघून येत्यात. पुढच्या बाजारी तूच सांग त्यांना. मी सांगितलं तर बरं दिसत न्हाई."

"बरं," बबिता म्हणाली.

पण पुढच्या बाजारी तिच्यानं ते सांगवलं नाही. तुळजाबाई आल्या, चार चिप्स खाल्ल्या आणि झोपल्या. रामेश्वर काउंटरवरून बघत होता. बबिता त्याच्याकडे पाठ करून, आधीच पुसलेलं टेबल पुन्हा पुसत राहिली.

तेवढ्यात धुळीनं भरलेल्या शर्टातला एक तरणा माणूस दार ढकलून आत आला. त्यानं सरळ काउंटरवर मोबाइल ठेवला.

"ही आई हाय माझी. मी बजरंग. गावाच्या ग्रुपवर फिरायलंय हे. लोकं मला इचारायलेत, घरात झोपू देत न्हाईस का बे म्हातारीला."

"दादा, हे आमी न्हाई टाकलं. गिऱ्हाइकानं टाकलंय," रामेश्वर म्हणाला.

बजरंगनं ऐकून घेतलं नाही. तो खिडकीकडे गेला आणि आईला हलवायला त्यानं हात पुढं केला. तो हात तिच्या खांद्याजवळ जाऊन थांबला. थोड्या वेळानं त्यानं तो मागे घेतला, समोरची खुर्ची आवाज न करता ओढली आणि बसला.

बबितानं पाण्याचा ग्लास नेऊन ठेवला. त्या आवाजानं तुळजाबाईंच्या पापण्या थरथरल्या आणि पुन्हा शांत झाल्या. बजरंग त्यांच्याकडेच बघत होता.

"ताई, किती येळ झोपती ही?"

"गाडीची येळ होईपर्यंत."

तो बबिताकडे न बघताच बोलू लागला. "मी आईला झोपलेली कधी बघितलीच न्हाई. कारखान्यावर आमी पाचटाच्या कोपीत ऱ्हायचो. मला जाग यायची तवा ही ऊस तोडाय गेलेली असायची. रातच्याला मला निजवून उसाची गाडी भराय जायची. आता घरी बी तसंच हाय. आमी उठायच्या आधी हिचा चहा झालेला असतोय." त्यानं ग्लास उचलला, पण पाणी प्यायला नाही. "झोपली की अशी दिसती, हे मला ठावंच नव्हतं."

गाडीची वेळ आली आणि गेली. बबितानं उठवलं नाही. जाग आल्यावर समोर मुलाला बघून तुळजाबाईंचा चेहरा एकदम ओढला गेला.

"तू हितं कावून? घरी काय झालं?"

"काय न्हाई. मोटरसायकल घेऊन आलोय. चल सावकाश."

त्यांनी घाईघाईनं पदर डोक्यावर घेतला. दारातून बजरंग मागे वळला आणि रामेश्वरला म्हणाला, "पुढच्या बाजारी बी येईल ती. झोपू द्या." रामेश्वरनं मान डोलावली.

पण त्यानंतरच्या बाजाराला त्या आल्याच नाहीत. गावात कुणीतरी त्यांना तो फोटो दाखवला होता. त्याच्या पुढच्या बाजाराला आल्या त्या मुलासोबत. अंगावर घडी मोडलेलं नवं लुगडं होतं, आणि रिकामी पाटी बजरंगच्या हातात होती. रामेश्वर स्वतः उठून पुढं आला. त्यानं गाणं बंद केलं. घरून आणलेली उशी भिंतीला लावून दिली.

"बसा मावशी. कुणी काय म्हणणार न्हाई."

चिप्स आल्या. बजरंगनं ताटली आईपुढं सरकवली. "खा, अन् झोप निवांत. मी हितंच बसतो."

तुळजाबाईंनी हॉलभर नजर फिरवली. दोन टेबलांवरची माणसं त्यांच्याकडे बघत होती, ती चटकन दुसरीकडे बघू लागली. त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो कौतुकानं वाट बघत होता. त्यांनी उशीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

सगळे हळू बोलू लागले. रामेश्वरनं बोटानंच एका गिऱ्हाइकाला खुर्ची ओढू नको म्हणून खुणावलं. निळ्या उजेडात एसीचा तेवढा आवाज येत राहिला. बजरंग हाताची घडी घालून राखणीला बसल्यासारखा बसला होता.

आणि आतल्या स्वयंपाकघरात कढईवरचं झाकण फरशीवर पडलं. पत्र्याचा आवाज हॉलभर घुमला. एक लेकरू दचकून रडायला लागलं. बजरंग अर्धवट उठला आणि त्यानं धास्तावून आईकडे पाहिलं.

ग्लास ठेवला तरी थरथरणारी त्यांची पापणी आज जराही हलली नव्हती. टेबलाआड, मांडीवर, लुगड्याचा काठ मात्र त्यांनी मुठीत घट्ट आवळला होता. ती मूठ फक्त बबिता उभी होती तिथूनच दिसत होती.

बजरंग सावकाश खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. बबिताकडे बघून तो कुजबुजला, "लई गाढ लागली बघा, ताई."

"व्हय," बबिता म्हणाली. "लागू द्या."

आणि झाकण उचलायला ती आत गेली.