टेपवरचा चिखल

"मोटर चांगली आहे, ताई," एदिलबेर्तो मिस्त्री म्हणाला. दाराचं आतलं कव्हर उतरवून त्याने काचेच्या मोटरला बॅटरीच्या वायरी थेट लावल्या होत्या. टॅक्सीची काच गुरगुरत खाली गेली.

न्युबिया त्या काचेकडे बघतच राहिली. याच काचेला हात टेकलेला असा तिचा नवरा सापडला होता.

कोलंबियातल्या या बारान्किया शहरात पाऊस कोसळला की रस्त्याचा ओढा होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिच्या नवऱ्याचा, रोसेम्बर्गचा, तर टॅक्सी चालवण्यात सारा जन्म गेलेला. तरी त्या दुपारी एका वळणावर पाण्याने त्याची टॅक्सी उचलली आणि पुलाखाली नेऊन अडकवली. पाण्याच्या दाबाने दारं उघडेनात, काचा उतरेनात. पोलीस म्हणाले, वायरिंगमध्ये पाणी शिरलं. पाद्री म्हणाला, देवाची इच्छा. टॅक्सी न्युबियाच्या थोरल्या भावाची, विल्फ्रिदोची. तो म्हणाला, नशीब.

नंतर त्याने इंजिन उघडून गाडी चालती केली. राहिल्या होत्या त्या काचा. सोमवारपासून न्युबियाचा मुलगा देइनेर ती चालवणार होता. नवरा गेल्यापासून मायलेक भावाच्याच मागच्या खोलीत राहत होते. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? पण काचा खाली-वर होताना आपल्या डोळ्यांनी बघायच्या म्हणून ती गाडीबरोबर आली होती. गाडी सोडून भाऊ कोपऱ्यावर जेवायला गेला होता.

मिस्त्रीने स्विच उपसून टेस्टर लावला. दिवा लागेना. "इथवर वीजच येत नाही," असं पुटपुटत तो स्टिअरिंगखाली डोकं घालून उताणा पडला.

"गंजली का वायर?" न्युबियाने विचारलं.

"गंजली असती तर हिरवी पडली असती. हातात कुसकरली असती." तो बाहेर आला. तिची नजर टाळत म्हणाला, "चारी काचांना वीज नेणारी वायर आहे. पकडीने तोडलीय. टोकांना टेप गुंडाळलीय."

"पुरानंतर कुणी तोडली असेल."

त्याने तिला वाकून बघायला लावलं. टेपवर पुराचा चिखल वाळून चिकटला होता. तो नखाने खरवडून त्याने टेप उकलली. आतलं तांबं लख्ख होतं.

"चिखल टेपच्या वर आहे, ताई. खाली नाही."

विल्फ्रिदो दात कोरत आला. तोडलेल्या वायरचं टोक बहिणीच्या हातात बघून थबकला.

"दादा, हे तू केलंस?"

"फ्यूज सारखा उडत होता गं. मागच्या दारात कुठेतरी शॉर्ट. तो शोधत बसायचं तर गाडी उभी ठेवायला लागली असती. एसी होता की! काच खाली करायची गरजच काय?"

"रोसेम्बर्गला माहीत होतं?"

"माहीत? टॉर्च धरून शेजारी तोच उभा होता!"

न्युबियाने भावाचा चेहरा निरखला. तो खोटं बोलत असेलही. नसेलही. रोसेम्बर्ग घरी आला असेल, जेवला असेल, तिच्या शेजारी घोरला असेल, आणि एका शब्दाने बोलला नसेल. तसा तो होताच. आता विचारायचं कुणाला?

मिस्त्री कामाला लागला. मागच्या दारातली सोललेली वायर त्याला सापडली. ती बदलून त्याने तोडलेली जोडली, आणि बटणं दाबत चारही काचा एकेक करून खाली उतरवल्या.

"झालं! बस गाडीत," विल्फ्रिदो म्हणाला.

"देइनेर ही गाडी चालवणार नाही."

"मग काय चालवणार? तुझी जीभ? वायर जोडली ना आता!"

"जोडली ना? मग तू चालव."

ती उन्हात चालू लागली. मागून टॅक्सी आली, तिच्या बरोबरीने हळूहळू चालत राहिली. सगळ्या काचा खाली होत्या. "न्युबी, तमाशा करू नकोस. बस," भाऊ आतून म्हणत होता. तिने मान वळवली नाही. शेवटी तो हॉर्न मारून पुढे निघून गेला.

चौकात ती थांबली. मग टॅक्सी गेली त्याच रस्त्याला वळली. खोली त्याचीच होती, आणि देइनेर जेवायचा थांबला असेल.