मिस्त्रींच्या पँटचे गुडघे

मित्रांनो, जुनी पँट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर आधी फडकं उभं राहतं, हे मला ठाऊक आहे. पण मी अजून फडकं झालेले नाही. मी एक जुनी, जाड सुती कापडाची, कामाची पँट आहे. फरशी बसवणाऱ्या एका मिस्त्रींची. माझ्यासारख्या कपड्यांना कुणी आरशासमोर नेत नाही, त्यामुळे मी स्वतःला फारसं पाहिलेलं नाही. माणसं मात्र पुष्कळ पाहिली आहेत, आणि तीही खालून. खालून पाहिलेला माणूस सहसा खोटं बोलत नाही.

मला शिवलं बाजाराच्या टोकाला बसणाऱ्या एका शिंप्यानं. त्यानं मिस्त्रींना सरळ उभं राहायला सांगितलं.

"उभ्याचं माप घेऊन काय करतोस?" मिस्त्री म्हणाले. "मी उभा असतो कधी?" आणि ते दुकानाच्या मधोमध गुडघे टेकून बसले.

शिंप्यानं चष्म्यावरून खाली पाहिलं. "म्हणजे पँट नको. खोगीर शिवायचं आहे."

पण माप त्यानं बसल्याचंच घेतलं. म्हणून मी मागून जरा उंच आहे, मांडीत सैल आहे आणि उभ्या माणसाच्या अंगावर अगदी गबाळी दिसते. माणूस गुडघ्यांवर बसला की मात्र माझी एकही शिवण कुठे ओढत नाही. ही फुशारकी समजू नका. मापच तसं आहे.

घरी आल्यावर मिस्त्रींच्या बायकोनं मला उलटंपालटं करून पाहिलं, कापड चिमटीत धरून ओढलं आणि फाटक्या गादीच्या तुकड्यांच्या दोन छोट्या गाद्या करून माझ्या गुडघ्यांवर शिवून टाकल्या.

"अगं, नव्याकोऱ्या पँटला ठिगळं?"

"ठिगळ फाटल्यावर लावतात. गादी दुखायच्या आधी लावतात. तुम्ही फरशीकडे बघा, गुडघ्यांकडे मी बघते."

पुढे त्या गाद्यांची खोळ कितीदा झिजली आणि कितीदा बदलली, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. जागा मात्र कधी बदलली नाही.

कामाचे दिवस कसे होते म्हणून सांगू? सकाळी रिकाम्या खोलीत दोरी ताणली जायची. पाणसळ जमिनीवर ठेवून मिस्त्री तिच्यातल्या बुडबुड्याकडे असे बघत, जसा पाहुण्यांसमोर बाप पोराकडे बघतो. मग सिमेंटचा माल कालवायचा, आणि मग ते गुडघे टेकायचे. तो क्षण माझा. त्यांचं सगळं वजन माझ्यावर उतरायचं, आणि मी एवढी जाडीभरडी कशासाठी आहे ते मला रोज नव्यानं कळायचं.

घरमालक देखरेखीला येत. चेहरे हसरे असत, पण पाय बोलत. ज्याला कामातलं काही कळत नाही तो सारखा इकडून तिकडे फिरे. ज्याला कळतं तो एका जागी उभा राहून सांध्यांवरून नजर फिरवी. आणि ज्याला काम फुकटात वाढवून घ्यायचं असे, त्याच्या पायांच्या आधी त्याचा चहा येई. मिस्त्री चहा पीत आणि काम ठरलं होतं तेवढंच करीत. एका बेकरीवाल्यानं काम झाल्यावर खिशातून काचेची गोटी काढून दुकानाच्या मधोमध ठेवली. गोटी जागची हलली नाही. बेकरीवाल्यानं गोटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मिस्त्री, ही पँटसुद्धा पाणसळ लावूनच शिवली काय?" त्या दिवशी घरी जाताना मिस्त्री लांबच्या रस्त्यानं गेले. मला मिरवायला, असं मी धरून चालते.

सुटीच्या दिवशीही ते मलाच घालत. कपाटात त्यांची एक चांगली पँट होती, धारदार इस्त्रीची. बाजारात जायचं असो की मित्राकडे गप्पांना, ती कपाटातून वाट बघायची आणि मी बाहेर पडायचे.

"पाहुण्यांकडे जाताना तरी ती घाला," बायको म्हणायची.

"तिच्यात बसता येत नाही."

"मग उभे राहा. माणसं राहतात उभी."

असे दिवस जात होते. मग त्यांचे गुडघे बिघडायला लागले, आणि ते सगळ्यांच्या आधी मला कळलं. आधी ते उठताना भिंतीला हात लावू लागले. पुढे माझ्यावर, म्हणजे स्वतःच्या मांडीवर, दोन्ही तळवे दाबून उठू लागले. गादीतून मला आत काहीतरी करकरताना ऐकू यायचं. बायकोनं विचारलंच, "गुडघा दुखतोय का?"

"छे. पँट धुऊन आकसली आहे."

माझ्यावर आळ आला आणि मी तो घेतला. आमच्या जातीच्या कपड्यांना आकसणं म्हणजे अब्रूचा प्रश्न, पण म्हटलं, असू दे.

डॉक्टरांनी मात्र पँटचं नाव काढलं नाही. "आता गुडघे टेकायचे नाहीत," ते म्हणाले. "टेकलेत तर उठता येईलच असं नाही, आणि आज उठलात तरी पुढे चालणं जाईल." मिस्त्रींनी यातलं किती ऐकलं कुणास ठाऊक. बायकोनं सगळं ऐकलं. घरी येऊन तिनं मला धुतलं, वाळवलं, घडी घातली आणि पेटीच्या तळाशी, ब्लँकेटांच्या खाली ठेवून दिलं. तिनं मला टाकलं नाही, हे लक्षात घ्या. लपवलं. टाकणं आणि लपवणं यांत फार अंतर असतं, आणि तेवढ्यावरच मी पेटीत दिवस काढले.

मित्रांनो, पेटीत अंधाराचा त्रास नव्हता. घडीचा होता. घडी घातलेल्या पँटला गुडघे नसतात. माझ्या गाद्या एकावर एक चपट्या होऊन पडल्या होत्या आणि त्यांच्यावर ब्लँकेटांचं वजन होतं. पण ते वजन नुसतं वजनच. सकाळी दोरी ताणून झाली की जे उतरायचं, ते हे नव्हे. दार वाजलं की मला वाटायचं, निघाले. मग खुर्ची करकरायची आणि कळायचं की बसले.

पेटीतून मला घर ऐकू यायचं. मिस्त्रींच्या लेकीनं आणि जावयानं दोन खोल्यांचं स्वतःचं घर घेतलं होतं. सगळं झालं होतं, स्वयंपाकघराची फरशी तेवढी राहिली होती. एकदा लेक येऊन म्हणाली, "बाबा, एखादा चांगला मिस्त्री सांगा ना."

खुर्ची दोनदा करकरली. मग मिस्त्री म्हणाले, "बघतो."

त्यांनी मिस्त्री बघितले, आणि एकेकाला बाद केलं. एकाचे सांधे जाड यायचे. दुसऱ्याच्या हाताला घाई होती. तिसरा म्हणे बोलायचा फार. लेक पुन्हा आली. "बाबा, फरशीच्या खोक्यांवर शेगडी ठेवून स्वयंपाक करतेय मी."

"तुम्हाला पसंत पडेल असा मिस्त्री एकच होता," बायको म्हणाली, "आणि तो आता खुर्चीवर बसतो."

"म्हणून तर," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या घरात फरशा घातल्या होत्या. स्वतः राहिले ते भाड्याच्या खोलीत, कुणी कधी घातलेल्या फुटक्या फरशीवर. आपल्या हाताच्या एका तरी फरशीवरून आपलं माणूस चालावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि आपला माणूस चालता राहावा, एवढंच बायकोला हवं होतं. दोघांचंही मागणं वाजवी, आणि दोन्ही एकाच गुडघ्याकडे.

एके दिवशी बायको बाजारात गेली आणि पेटी उघडली. ब्लँकेटं बाहेर आली, मग मी. मिस्त्रींनी मला झटकलंही नाही. तसंच अंगावर चढवलं. खुर्चीनं त्यांना पोट दिलं होतं, त्यामुळे बटण लावताना श्वास ओढावा लागला. लेक आणि जावई कामावर गेले होते. किल्ली मिस्त्रींकडे होती.

त्या रिकाम्या स्वयंपाकघरात त्यांनी दोरी ताणली, माल कालवला आणि भिंत धरून, हळूहळू, गुडघे टेकले. मी काय सांगू तुम्हाला. माझा धागान्‌धागा सुखावला. पहिली ओळ खिडकीखालून निघाली आणि अशी सरळ गेली की खिडकीनंच लाजावं. दुसरी अर्ध्यावर आली आणि उजवा गुडघा अडला. त्यांनी उठायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. मग एका हातावर रेलून बसून राहिले. हाक कुणाला मारणार? आणि मारली तर डॉक्टर खरे ठरणार. घमेल्यातला माल हळूहळू घट्ट होत होता.

घरी ब्लँकेटं जमिनीवर दिसल्यावर बायकोला आणखी काही विचारायची गरज उरली नाही. ती आली आणि दारात उभी राहिली.

"उठा."

"उठता आलं असतं तर तुझी वाट बघितली असती का?"

तिनं त्यांना काखेत धरून ओढलं आणि फरशीच्या खोक्यांवर बसवलं. मिस्त्री तिच्याकडे बघायचं टाळून घमेल्याकडे बघत होते.

"माल घट्ट होईल."

"होऊ दे."

"अर्धी ओळ राहिली आहे."

तिनं ती ओळ पाहिली. मग नवऱ्याचा चेहरा. मग मला.

"काढा ती."

"काय?"

"पँट. माझे गुडघे काय दगडाचे समजलात?"

मिस्त्री कमरेला लेकीची फुलाफुलांची चादर गुंडाळून खोक्यांवर बसले. बायकोनं मला आपल्या कपड्यांवरूनच चढवलं, माझे पाय खालून दुमडले आणि कंबर सुतळीनं आवळली. पण ती बुटकी. गाद्या आल्या नडगीवर. तिचा गुडघा उघड्या जमिनीला टेकला तेव्हा तिच्या तोंडून "आई गं" निघालं. तिनं वळून मिस्त्रींकडे पाहिलं.

"रोज असं?"

"तू गाद्या लावल्या होत्यास ना," मिस्त्री म्हणाले.

मग काम सुरू झालं. "थापी तिरपी धर. अगं, तिरपी. उशी झोडपतेस का?" "हातोडा हलका मार. झोपलेल्या माणसाला उठवतात तेवढाच."

"तुम्हाला कधी हलक्यानं उठवलंय मी?"

"म्हणून तर सांगावं लागतंय."

संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा आई बापाची पँट घालून जमिनीवर ओणवी, आणि बाप तिच्या चादरीत राजासारखा बसलेला. "आई?" ती म्हणाली.

"तिथंच थांब. ओलं आहे."

पुढच्या काही दिवसांत स्वयंपाकघर पुरं झालं. एका कोपऱ्यातली फरशी केसभर वर राहिली. मिस्त्रींनी ती पाहिली, हे मी पाहिलं. ते म्हणाले, "छान झालं." मग लेकीनं अनवाणी पायांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवलं. मिस्त्री तिच्या पावलांकडे बघत राहिले. रडले नाहीत. नाक मात्र बाहीला पुसलं.

मला वाटलं, आता पुन्हा पेटी. पण लेकीच्या शेजारणीनं आपल्या न्हाणीघराची फरशी घालाल का म्हणून विचारलं, आणि त्या दुपारी मिस्त्रींची बायको मला मांडीवर घेऊन बसली. हातात कात्री होती.

"गाद्या वर घ्याव्या लागतील," ती म्हणाली. "माझ्या मापाला. घेऊ का?"

आता तुम्हीच सांगा, यात विचारण्यासारखं काय होतं? डॉक्टरांचं ठरलं होतं, तिचं ठरलं होतं, त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूला ठाऊक होतं. तरी तिनं विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत एक टाकाही कापला नाही. मिस्त्रींनी मला हातात घेतलं. गादीवर, जिथे त्यांचा गुडघा टेके त्याच खळग्यात, अंगठा ठेवला. मी मनात म्हणत होते, नको म्हणा. अजून एकदा भिंत धरा, हळूहळू उतरा, मी आहे. पँटला एवढंच मागता येतं.

"किती वर घेणार?" त्यांनी विचारलं.

"दोन बोटं."

"तीन," मिस्त्री म्हणाले. "मी बघत होतो." आणि तिच्या हातातली कात्री घेऊन त्यांनी स्वतःच पहिला टाका उसवला.

गाद्या निघाल्या, आणि त्यांच्याखाली माझा पहिला रंग निघाला. गर्द निळा, अगदी कोरा, दोन गुडघ्यांएवढा. ऊन आणि चुना तिथे कधी पोचलेच नव्हते.

"हा असा रंग होता हिचा?" मिस्त्री म्हणाले.

"चांगला दिसायचा तुम्हाला," ती म्हणाली. आणि सुई ओवायला घेतली.

आता मी पुन्हा कामावर जाते. वजन हलकं आहे, हात नवखा आहे, बोलणं पूर्वीपेक्षा जास्त आहे. मिस्त्री शेजारी स्टुलावर बसून दोरीकडे बघतात. त्यांच्या आणि माझ्यात हातभर अंतर असतं. काम रंगात आलं की ते नकळत पुढे वाकतात, आणि दर वेळी मला वाटतं, आता. मग ते पुन्हा मागे टेकतात. वर सरकलेल्या गाद्यांखाली, त्यांच्या गुडघ्यांच्या जागी उघडे राहिलेले माझे ते दोन निळे पट्टे रिकामे आहेत आणि रिकामेच राहणार, हे मला कळतं. कळलं म्हणून वाट बघणं थांबतंच असं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाची तरी अशी जुनी पँट असेल, शर्ट असेल. टाकायची वेळ आली तर टाका, त्याचा आम्हाला राग नाही. पण टाकण्याआधी एकदा हातात धरून बघा, कापड कुठे विरलं आहे. आणि जिथे विरलं आहे, तिथेच त्या माणसाला हात लावून विचारा, दुखतं का. आम्हाला सगळं कळतं, पण सांगता येत नाही. तुम्हाला विचारता येतं.