सरहद्द बँकेचा वाकडा फोटो

मी एक जुना फोटो आहे, आणि मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मित्रांनो, आमच्या बँकेच्या उद्घाटनाला सातपुड्यातून एक अस्वल आले होते आणि ते मुकाट रांगेत बसले होते.

हसू नका. आधी ऐका.

तेल्हाऱ्याच्या पुढे, जिथे डांबर संपते आणि एसटी वळसा घालून परत फिरते, तिथे आमची बँक होती. मागे नुसता डोंगर आणि डोंगरापलीकडे मध्य प्रदेश. म्हणून लोक तिला सरहद्द बँक म्हणत. उद्घाटनाच्या दिवशी तिच्या भिंतीला गिलावासुद्धा झालेला नव्हता. अकोल्याहून आलेल्या फोटोग्राफरने नाक मुरडले. "विटा दिसता कामा नयेत," तो म्हणाला. मग चेअरमन आणि मंडळी खुर्च्यांवर बसली, आणि त्यांच्या मागे दोन माणसांनी दोन टोकांना एक पांढरी चादर ताणून धरली; माणसे चादरीआड, खाली दिसत होती नुसती पावले. एक उंच होता, एक ठेंगणा. चादर सरळ दिसावी म्हणून ठेंगण्याला टाचा उचलाव्या लागल्या. फोटोग्राफर काळ्या कापडात शिरला, बाहेर आला, चेअरमनची टोपी नीट केली, पुन्हा शिरला. ठेंगणा बिचारा तसाच टाचांवर. तेवढ्यात अस्वल आले. "हलू नका!" फोटोग्राफर ओरडला, आणि अस्वलासकट कोणी हलले नाही. असा मी जन्मलो.

मला कॅशियरच्या जाळीशेजारच्या भिंतीवर टांगले. पण मॅनेजरसाहेब म्हणाले, "खाली नुसते पाय पाय दिसतात, बरं नाही दिसत." म्हणून फ्रेमवाल्याने माझी खालची पट्टी पुठ्ठ्याखाली दाबून टाकली. तुमचे पाऊल कोणी आयुष्यभर गादीखाली दाबून ठेवले तर तुम्हाला कसे वाटेल? मला चैन पडेना. रोज सकाळी मला सरळ करत, आणि दुपारपर्यंत मी पुन्हा वाकडा. लोक म्हणत, खिळा ढिला आहे. खिळा घट्ट होता. मीच चुळबुळत होतो.

पण मान होता हो! लोक नव्या सुनांना आणून दाखवत, "हे पाह्य, हे मामंजी. खुर्चीवर!" कापसाच्या हंगामात इतकी गर्दी, की माझ्या काचेवर जमलेल्या कापसाची मॅनेजरसाहेबांनी एक गादी भरून घेतली. दोन उशांसकट.

मग ती वाईट वर्षे आली. कापसाने दगा दिला आणि रस्ता संपतो तिथल्या बँका एकामागून एक मिटल्या. आमच्या बँकेतून पंखे गेले, टेबले गेली, जाळी गेली. मी राहिलो. छप्पर गळू लागले आणि माझ्या बरोबर मध्यावर एक मोठा पांढरा डाग पडला. खालून कसर लागली. रिकाम्या खोलीत कोणासाठी वाकडे व्हायचे? तरी मी होतच राहिलो.

तिथून मला वलगावच्या देवमनने आणले. तो एसटीत कंडक्टर होता. मुक्कामाच्या गाड्यांवर त्याने अशा शेवटच्या गावांच्या बँका पाहिल्या होत्या, आणि निवृत्त झाल्यावर तो त्यांच्या वस्तू गोळा करू लागला. पितळी टोकने, टेबलावरची घंटी, पेन बांधायची साखळी. पेन नव्हते, नुसती साखळी. आणि माझ्यासारखे फोटो. त्याची बायको मैनाबाई म्हणे, "लोकाईचे नवरे बँकेतून पैसे आणते. माहा खिळे आणते!"

मित्रांनो, उद्या अमरावतीला आमचे प्रदर्शन आहे. देवमनने सगळ्यांसाठी एकाच मापाच्या फ्रेमा आणल्या, आणि मी नेमका लांब निघालो. आज दुपारी त्याने माझा पुठ्ठा काढला, कसर लागलेली पिवळी पट्टी पाहिली आणि म्हणाला, "एवढं उडवलं की बसते बरोबर." पट्टीवर काय आहे ते त्याने पाहिलेच नाही. तो ब्लेड शोधत असताना दारात तेल्हाऱ्याची बिस्मिल्लाबी उभी राहिली.

"देवमनभाऊ, तुमच्यापाशी सरहद्द बँकेचा फोटो हाय म्हणे. माह्या शाकीबचे अब्बा तिथं पहारेकरी होते. त्यायचा एक बी फोटो नाही घरात. नातू इचारते, दादा कसे दिसत होते? एकडाव पाहू द्या."

तिने मला मांडीवर घेतले आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेली. हे नाही. हे बी नाही. "पहारेकऱ्याले कोण खुर्ची देते, भाबी," देवमन हळूच म्हणाला.

"तुमी चूप बसा," मैनाबाई म्हणाली.

बिस्मिल्लाबीने चष्मा काढला. मला राहवेना. तिचे धनी गुलफामखां कुठे आहेत हे मला ठाऊक होते. पण एवढ्या लांबून आलेल्या बाईला कसे सांगू, की साहेबलोकांमागे चादर धरायला लावले होते म्हणून? म्हणून मी म्हणालो, "बाई, मधला डाग दिसतो ना? त्याच्याच खाली आहेत ते. चेअरमनच्या शेजारी, गळ्यात हार, खांद्यावर बंदूक. अस्वलाने त्यांना सलाम ठोकला होता."

"आत्तापरेंत रांगेत बसलं होतं थे अस्वल," मैनाबाई म्हणाली. "आता सलाम करून राहिलं काय?"

बिस्मिल्लाबीने डागावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"चला, मधातच हाय म्हणजे," देवमनला हायसे वाटले. "मंग खालची पट्टी गेली तरी काही जात नाही." आणि त्याने मला तिच्या मांडीवरून घेऊन खाली ठेवले, माझ्यावर फूटपट्टी धरली आणि ब्लेड उचलले.

मित्रांनो, जुन्या फोटोला ओल्या फडक्याने पुसू नका, भिंतीच्या ओलीपासून त्याला जपा. आणि तो फार बोलू लागला, तर त्याचे ऐकत बसू नका. त्याच्याकडे नीट बघा, अगदी कडेपर्यंत. मी ओरडणार होतो, "थांब, तिथेच आहेत ते!" पण जन्मभर अस्वले सांगितलेल्याचे खरे कोण ऐकणार? ब्लेड टेकले. मी वाकलो, चुळबुळलो, गुंडाळलो जाऊ लागलो, आणि बिस्मिल्लाबीने मला सरळ करायला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"झूट!" ती एकदम म्हणाली. "साफ झूट बोलून राहिला हा फोटो. बंदूक? बँकेनं त्यायले काठीच्या वर काही देल्लं नाही. अन् मधात काहून असतीन? हे खाली पाहा, देवमनभाऊ, चादरीखाली. कोण टाचा उचलून उभं हाय? फळीवरचा डबा काढाले बी असेच उभे राहत, मी हसत जाओ. ठेवा थे ब्लेड खाली. शाकीबचे अब्बा हाय थे."