झाकलेली पोकळी

डिसेंबर १९८९. हेदवीच्या आनंदीबाईंच्या कलमांच्या बागेचा दगडी गडगा तिसऱ्या वर्षीही पावसाळ्यात ढासळला होता, नेमका त्याच वळणावर. तिन्ही वेळा तो भिकाजीनेच रचला होता.

"आता रच, पण शेवटचा," आनंदीबाईंनी बजावलं. "दगड हलताना दिसला तर सावर्ड्याहून सिमेंटवाला गवंडी आणीन."

दगडावर नुसता दगड ठेवून गडगा रचणारा गावात भिकाजी एकटाच उरला होता. बोलणं जिव्हारी लागलं.

त्याच आठवड्यात पुतण्या धाकू बोटीवरून सुट्टीवर आला. त्याने जपानहून हातात मावणारा व्हिडिओ गेम आणला होता. वरून वेडेवाकडे तुकडे पडत. ते फिरवून बसवायचे, ओळ भरली की ती नाहीशी. भिकाजीने गंमत म्हणून घेतला, तो दिवेलागणीपर्यंत सोडला नाही.

"काका, सेल संपतील! इथे मिळायचे नायत."

"गप रे. हा उभा तुकडा कुठे घालू, ते सांग."

सकाळी खेळ बंद होता, तरी तुकडे पडतच होते. भाकरी मोडली की तुकडा मनात फिरे. शेजारच्या छपरावरचं एक कौल निसटलेलं. नजर तिथेच अडकली.

"यांना काय बाधलंय?" बायको गंगा धाकूला म्हणाली. "ताटाकडे मान वाकडी करून बघतात."

मग वळणाशी उभं राहून त्याने ढिगाऱ्याकडे पाहिलं आणि एकदम उमगलं. खेळात पोकळीवर तुकडा बसला की पोकळी खाली तशीच राही, आणि शेवटी डाव तीच बुडवी. तीस वर्षं प्रत्येक वळणावर तो हेच करत आला होता. बेढब दगड तळात, फटींवर रुंद चिरा, आणि चांगले दगड वर, मालकाच्या नजरेसमोर.

त्याने वळण पायापर्यंत मोकळं केलं. दगडाला हात लागण्याआधीच तो मनात फिरून जागेवर उतरे. हात नुसते मागोमाग जात. खेळातली भरलेली ओळ नाहीशी होई. इथे ती राहत होती.

गडगा पुरा झाला की रचणाऱ्याने त्यावरून अनवाणी चालून दाखवायचं, अशी रीत. आजवर वळणावर भिकाजी हळूच लांब ढांग टाकायचा.

"थांब तिथेच," आनंदीबाई म्हणाल्या. "ढांगा मला ठाऊक आहेत तुझ्या. उडी मार."

त्याने मारली. एकही दगड हलला नाही.

"राहू दे तो गवंडी," त्या म्हणाल्या. "खाली उतर आता."

भिकाजी उतरला नाही. खाली मळ्यांच्या पायऱ्या, त्यापुढे काळा कातळ, आणि कातळाच्या प्रत्येक खाचेत समुद्र. तो बघत राहिला. कुठेही फट नव्हती.