बोल्ट मिटू नये

लिबी गावात कुणी घरी रायफल जुळवली की शेवटी ती माझ्याकडे यायची. चाळीस वर्षं लेथवर घालवलेला माणूस मी. नळी आवळल्यावर काडतूस आत किती खोल बसतं, हे मी मापून द्यायचो. ती जागा केसभर वाढली, तर काडतूस आतच फाटतं आणि भडका नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. म्हणून काडतुसाच्या आकाराच्या, पोलादाच्या दोन गेज, म्हणजे मापं, असतात; 'नो-गो' ही 'गो'पेक्षा केसभर लांब. नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट 'गो'वर मिटला पाहिजे, 'नो-गो'वर मिटता कामा नये.

यंदा माझ्या ब्रिनला, पोटच्या पोरीला, एल्क हरणाच्या शिकारीसाठी रायफल हवी होती. तिने ती जुळवायला सांगितली मामाला! माझा मेहुणा लायल जन्मभर खुर्च्या-टेबलं करत आला, आणि आता व्हिडिओ बघून नळ्या बसवतो म्हणे. पोरगी रोज संध्याकाळी त्याच्या गॅरेजात. घरी आली की मामाचंच पुराण. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

लायलकडे 'नो-गो' नव्हती. ती मागायला तो आला, तेव्हा ती माझ्या खणातच होती.

"हरवली रे," मी म्हणालो.

"असू दे दाजी. चिकटपट्टीवर भागवतो."

इथले हौशी लोक हेच करतात. 'गो'च्या बुडाला पट्टीचा तुकडा लावला की झाली 'नो-गो'. पण पट्टीची जाडी नेमकी नसते; ती जास्त झाली, तर जागा वाढलेली असूनही बोल्ट अडतो आणि सगळं ठीक वाटतं. हे मी त्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चुकू दे एकदाचा, असंच मनात होतं.

शनिवारी सकाळी खडीच्या खाणीत पहिली गोळी झाडायची ठरली. मी गेलो, 'नो-गो' खिशात घालून. ब्रिनने गाल रायफलच्या दस्त्याला टेकवला आणि मी पुढे झालो.

"थांब," मी म्हणालो.

मी बोल्ट काढला, त्यातली स्प्रिंग काढली, 'नो-गो' आत सरकवली, बोल्ट परत घातला आणि त्याची दांडी एका बोटाने खाली दाबली. खरं सांगतो, आपल्याच पोरीच्या रायफलचा बोल्ट मिटावा, असं मला त्या क्षणी वाटत होतं. दांडी अर्ध्यावर अडली. पुन्हा दाबली, पुन्हा अडली. लायलचं काम चोख होतं.

"सापडली वाटतं, दाजी," लायल म्हणाला. टोमणासुद्धा मारला नाही मेल्याने.

ब्रिनने गेज हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"कुठे होती, डॅड?"

"खणात."

"बोल्ट मिटला असता, तर तुला बरं वाटलं असतं ना?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. तिने गेज माझ्या खिशात टाकली, कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले आणि मामाला विचारलं, "झाडू गोळी?"